बिऱ्हाड चाकांवर, पत्ता कुठला लिहायचा?

बदलीचा हुकूम आला, नवी नोकरी लागली किंवा जुने घर पाडून नवे बांधायला काढले, की मधले चार-सहा महिने राहायचे कुठे हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी उभा राहतो. पूर्वी त्याचे उत्तर ठरलेले असे. नात्यातल्या कुणाची तरी मागची खोली, नाहीतर धर्मशाळा, नाहीतर शाळेच्या मास्तरांनी ओळखीने मिळवून दिलेली एक पडवी. आता तरुण मंडळी मोबाइलवर व्हिडिओ बघून वेगळेच उत्तर सुचवू लागली आहेत. जुनी मिनीबस घ्यायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि नव्या गावाच्या कडेला ती लावून राहायचे. भाडे नाही, घरमालक नाही, जागा आवडली नाही तर चावी फिरवून पुढे! या फिरत्या घराला कॅम्पर म्हणतात, कुणी कॅराव्हॅन म्हणतात.

आपल्या भागात हा विषय निघायला कारणही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागे माणसे येतात आणि माणसांमागे त्यांची मुले, शिलाई मशीन, तुळशीचे वृंदावन असे सगळे येते. इकडून नागपूरला जाणारेही कमी नाहीत. लेक बारावी झाली की तिच्याबरोबर आईही खोली करून नागपूरला राहते, अशी घरे प्रत्येक गल्लीत सापडतील. म्हणून म्हटले, या चाकांवरच्या घराचा जरा नीट विचार करावा.

पण मंडळी, चाकांवरचे घर आपल्याला नवे नाही. फक्त आपण त्याला कधी घर म्हटले नाही.

बाजाराच्या गावी रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी लोहारांची गाडी आठवून पाहा. भक्कम लाकडाची, पितळी फुल्यांनी मढवलेली, बसकी पण जडशीळ. त्या गाडीत संसाराचे सगळे असते. धान्य एका कप्प्यात, कपडे दुसऱ्यात, लोखंड आणि हत्यारे खाली, वर खाट उलटी टाकलेली. गाडी थांबली की अर्ध्या तासात जमिनीत ऐरण रोवली जाते, भाता लागतो आणि विळे, कुऱ्हाडी, झारे, सांडशा यांचे काम सुरू होते. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरून बसतो आणि समोर उभी राहून घण मारते ती त्याची बायको. आपल्याकडच्या कितीतरी शेतकरी घरांत आजही जो विळा आहे, त्यावर तिच्या हाताचा घाव आहे.

हे लोक मूळचे मेवाडचे. १५६८ साली अकबराने चित्तोड जिंकला, तेव्हा राणाच्या सैन्यासाठी शस्त्रे घडवणारे आमचे पूर्वज गड सोडून निघाले, असे ते परंपरेने सांगतात. निघताना त्यांनी शपथ घेतली. गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचे नाही, रात्री दिवा लावायचा नाही, विहिरीतून दोराने पाणी ओढायचे नाही, खाटेवर सुलटे झोपायचे नाही. गाडीतली ती उलटी खाट त्या शपथेची खूण आहे. इतिहासकार या कथेला किती प्रमाण मानतात ती गोष्ट वेगळी. पण तात्पुरते म्हणून काढलेले बिऱ्हाड चार शतके चालते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण आपल्या देशात नसेल. स्वतंत्र भारतात ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी स्वतः त्यांना चित्तोडगडावर नेले आणि शपथ पूर्ण झाली, आता घरे बांधा, असे सांगितले. राजस्थानात त्यांच्यासाठी वसाहती उभारल्या गेल्या. काही कुटुंबे राहिली, पण पुष्कळ परत रस्त्याला लागली. सत्यपाल रुहेला यांनी १९६८ मध्ये या समाजावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिले, तेव्हाही गाड्या चालूच होत्या. घर दिले पण गिऱ्हाईक दिले नाही, तर लोहाराने तिथे बसून काय करायचे? एका गावाला वर्षाला किती विळे लागणार? त्याचा धंदाच दहा गावांचा आहे. शपथेइतकेच हे हिशेबाचे कारणही त्यांच्या फिरण्यामागे आहे, असे मला वाटते.

दुसरे बिऱ्हाड उंटांवरचे. कच्छचे रबारी गेली कित्येक दशके मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात राहतात, जंगलाच्या कडेने सरकत त्यांचे डेरे मध्य प्रदेश-छत्तीसगडकडेही जातात. कच्छमध्ये चराई आणि पाणी पुरेना म्हणून त्यांचे वाडवडील निघाले आणि इकडेच रमले. पाच-दहा कुटुंबांचा एक डेरा. पुरुष पहाटे कळप घेऊन पुढे जातात, मागचे सगळे बायकांचे. खाटा, गोधड्या, भांडी, पीठ हे सगळे उंटाच्या पाठीवर रचायचे, त्यावर नुकतीच व्यालेली मेंढीची कोकरे आणि चालता न येणारी मुले बांधायची आणि ठरलेल्या शेतात जाऊन संध्याकाळपर्यंत पुन्हा चूल पेटवायची. दर चार-सहा दिवसांनी हाच खेळ. आपल्याकडे एक घर बदलायचे तर महिनाभर कंबर दुखते!

शेतकरी त्यांना बोलावतो ते मेंढ्या बसवण्यासाठी. कापूस निघाला, तूर कापली की रिकाम्या शेतात दोन-चार रात्री कळप बसवतात. लेंडीमुताचे जे खत पडते त्याची सर युरियाला नाही, हे जुने शेतकरी सांगतातच. त्याबदल्यात धान्य किंवा रोख पैसे मिळतात. म्हणजे हा पाहुणा जागेचे भाडे देत नाही, उलट शेतकरीच त्याला राहण्याचे पैसे देतो. कॅम्परवाल्यांनी हे गणित शिकण्यासारखे आहे.

तरीही रस्त्यावरच्या माणसाकडे गाव संशयानेच बघते. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छहून पायी येणारे ५८ उंट अडवले. उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे चालवले आहेत, अशी तक्रार होती. उंटपाळ सांगत होते की वर्ध्याकडे आपली माणसे राहतात, त्यांच्याकडे हे उंट पोहोचवायचे आहेत. उंटपाळांना अटक झाली, मग जामीन मिळाला आणि उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत गेले. उंट हा हिंडून झाडपाला खाणारा प्राणी. त्याला दावणीला बांधून चारा घालायचा म्हणजे त्याचे हालच. पुढे न्यायालयाच्या आदेशाने उंट मालकांना परत मिळाले. एका ठिकाणचे बिऱ्हाड दुसऱ्या ठिकाणी नेताना 'तुम्ही कोण, कुठले, हे तुमचेच कशावरून?' या प्रश्नाला कागदाने उत्तर देता आले नाही तर काय होते, ते या प्रकरणात दिसले.

आणि तिसरे बिऱ्हाड तर थेट आपल्या मराठी माणसांचे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. बैलगाडीत पत्र्याची पेटी, भांडी, बाजरीचे पोते, कोंबड्या, शेळी आणि पोरे. कारखान्याच्या आसपास मोकळ्या रानात बांबूच्या चटया आणि पाचटाची कोपी उभी राहते. मार्च-एप्रिलपर्यंत तेच घर. दिवसभर फडात आई-बाप ऊस तोडतात तेव्हा तान्हे मूल गाडीखालच्या सावलीत झोळीत असते. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि मूल ऑक्टोबरात शाळेतून उठते, हे दरवर्षीचे. त्यावर उपाय म्हणून 'जनार्थ' या संस्थेने कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवल्या. पुढे मुलांना गावातच आजी-आजोबांजवळ ठेवून हंगामी वसतिगृहे चालवण्याचा मार्ग निघाला. मूल तळावर न्यायचे की गावी ठेवायचे? पहिल्यात शाळा जाते, दुसऱ्यात आई जाते. या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही, पण बदलीच्या नोकरीत असलेल्या आईबापांना तो प्रश्न चांगलाच ओळखीचा वाटेल.

आमच्या लहानपणी वडिलांची बदली झाली की घरात तीन ट्रंका, दोन वळकट्या, एक वातीचा स्टोव्ह आणि पाटा-वरवंटा एवढेच 'आधी' जायचे, बाकीचे 'मागाहून'. आई त्या पहिल्या बोजात एक गोष्ट न चुकता ठेवायची. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. 'चूल कुठेही मांडता येते, पण ती मांडल्यासारखी वाटली पाहिजे,' असे ती म्हणायची. नव्या गावात पहिले पंधरा दिवस आम्ही एका बंद दुकानाच्या गाळ्यात काढल्याचेही आठवते. शटर अर्धे वर करून हवा घ्यायची. तो गाळा म्हणजे आमचा कॅम्परच होता म्हणायचा, फक्त चाके नव्हती.

आता वळू या मूळ कॅम्परकडे.

अमेरिकेत फिरत्या घरात राहणे ही पूर्वी हौस होती, पण अडचणीच्या वेळी सरकारनेही त्याचा आधार घेतला. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांच्या गावी एकाएकी आलेल्या कामगारांना राहायला जागा नव्हती, तेव्हा तिथल्या सरकारने हजारो ट्रेलर विकत घेऊन त्यांच्या वसाहती केल्या. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि किनाऱ्यावरची गावे बुडाली, तेव्हाही बेघर कुटुंबांना असेच ट्रेलर दिले गेले. काही दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. डोळे चुरचुरतात, नाकातून रक्त येते, मुलांना दम लागतो. तपासणीत निघाले की आतल्या प्लायवूड आणि भुशाच्या पाट्यांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. तिथल्या आरोग्य यंत्रणेने ५१९ ट्रेलर आणि फिरती घरे तपासून २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर केले आणि उन्हाळा येण्याच्या आत लोकांना बाहेर काढा, असे सांगितले. कारण उष्णता वाढली की वायू जास्त सुटतो.

ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची असली तरी आपल्याला लागू आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये बस 'घर' करून देतात, त्यात स्वस्तातली प्लाय, गोंद, रेक्झिन आणि फोम एवढेच असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. पत्र्याची बंद गाडी उन्हात उभी करून पाहा, आत हात लावायची सोय राहत नाही. त्या नव्या प्लायच्या वासात लहान मूल झोपवायचे का, हा विचार आधी करावा. जुनी, वास उडालेली लाकडी फळी, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, वर तट्ट्याचे किंवा ताडपत्रीचे दुसरे छप्पर आणि गाडी लिंबाच्या सावलीत, एवढे तरी हवेच. स्वयंपाक गाडीच्या बाहेर. हिवाळ्यात काचा बंद करून आत शेगडी किंवा गॅस पेटता ठेवून झोपणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. बंद जागेतला धूर दिसला नाही तरी माणूस गुदमरतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याप्रमाणे गाडी तयार करून आरटीओकडे तशी नोंद करून घ्यावी लागते. सीट काढून पलंग ठोकला आणि निघालो, असे केले तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ते पर्यटकांसाठी आहे. सहा महिने एकाच ठिकाणी संसार मांडणाऱ्याचा त्यात विचार नाही. सीमेवरच्या माणसाने आणखी एक लक्षात ठेवावे. नागपूरची गाडी इकडे, किंवा आपली एमपी २८ तिकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर त्या राज्याचा नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राहण्याचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचे असते.

माझे स्पष्ट मत विचाराल तर एकट्या तरुणाने किंवा मुले मोठी झालेल्या जोडप्याने हिवाळ्याचे दोन-तीन महिने अशी गाडी वापरायला हरकत नाही. लहान मुले, म्हातारे आईवडील असतील तर त्याच पैशात दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात. गाडीला संडास लागतो, पाणी लागते, विजेचे कनेक्शन लागते आणि या तिन्ही गोष्टी शेवटी कुणाच्या तरी घरातूनच येतात. घरमालक नको म्हणून गाडी घ्यायची आणि मग शेजाऱ्याकडे बादली घेऊन उभे राहायचे! रबारी बाई हंडा घेऊन विहिरीवर जाते तेव्हा तिच्या मागे चार पिढ्यांची ओळख आणि त्या शेतकऱ्याची गरज असते. आपल्यामागे काय असते?

खरी अडचण मात्र पत्त्याची आहे. लोहार असो, रबारी असो, ऊसतोड कामगार असो की बदलून आलेला बाबू असो, खिडकीपलीकडचा माणूस पहिला प्रश्न पत्त्याचाच विचारतो.

मध्य प्रदेशात राहायला आलेल्या कुटुंबाने सर्वांत आधी समग्र आयडी काढावा. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक माणसाचा नऊ अंकी क्रमांक असतो. रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन, २०२३ मध्ये सुरू झालेली लाडली बहना, सगळ्याला तो लागतो. तिकडे महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीण आली. एकच बाई दोन्हीकडची बहीण होऊ शकत नाही, हे सांगायला नकोच. पण इकडची लेक तिकडे दिली असेल तर तिने उगाच हेलपाटे घालू नयेत. परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न झालेल्या स्त्रीसाठी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास दाखला चालेल, असे त्या योजनेच्या नियमांत म्हटले आहे.

जातीच्या दाखल्याचे तसे नाही. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस पोटासाठी दुसऱ्या राज्यात गेला तर आरक्षण त्याच्याबरोबर जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे. आणि महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांना दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. आता ज्याचा आजा आयुष्यभर गाडीखाली झोपला, त्याने १९६१ च्या घराचा कागद कुठून आणायचा? लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले तेव्हा गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाडी घरातले पोर शाळेत टिकते कसे, हे मराठी वाचकाला पहिल्यांदा कळले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही दिला. कागदाचा प्रश्न त्या अहवालांच्या कागदांत आहे, तहसीलच्या खिडकीवर तो अजून सुटलेला नाही.

शाळेबाबत मात्र हक्क पक्का आहे आणि तो पालकांना माहीत नसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, राज्याबाहेरसुद्धा. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कुणी 'आधी टीसी आणा, मग बघू' म्हणाले, तर कायद्याचे नाव घ्यावे. गॅसचेही तसेच. पाच किलोचे छोटे सिलेंडर ओळखपत्रावर मिळते, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. कोपीत, गाळ्यात, गाडीत राहणाऱ्याला चुलीच्या धुरातून सुटण्याचा हा सोपा मार्ग आहे.

आणि मतदान? घर बदलले तर ८ नंबरचा फॉर्म, पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर ६ नंबरचा. ज्याला घरच नाही त्याच्यासाठी निवडणूक आयोगाने एक वेगळी रीत ठेवली आहे. त्याने फॉर्ममध्ये आपण राहतो ती जागा लिहायची, पत्त्याचा कागद जोडायची सक्ती नाही. मग त्या भागाचा बूथ अधिकारी रात्री त्या जागी येऊन पाहतो, की हा माणूस खरोखर तिथे झोपतो की नाही. एका रात्रीवर भागत नाही, तो पुन्हा येतो. गाडी लोहाराने यासाठी एवढेच सांभाळायचे, की तेवढ्या रात्री बैल जुंपायचे नाहीत.